कपाळावरचा चष्मा

अंबादास मास्तरांना जाऊन आता वर्ष उलटलं. तरी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कुणी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला की माझी मान आपोआप तिकडे वळते. असं करणारी माणसं रोज येतात. मोठा मायनस नंबर असलेल्या माणसाला चष्मा काढल्यावर अगदी जवळचं झकास दिसतं, त्यात नवल काहीच नाही. पण मास्तरांइतक्या ऐटीत चष्मा कपाळावर चढवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पैलवान कुस्तीआधी मांडीवर थाप मारतो तसं ते असायचं. समोरच्यानं सावध व्हावं, असं.

मी मूळचा मोडनिंबचा. शिकून सोलापुरात आलो आणि या दवाखान्यात यंत्रांपाशी बसलो. लेझरनं चष्म्याचा नंबर घालवायचा असेल तर आधी डोळ्याचा नकाशा काढावा लागतो, ते माझं काम. माणूस हनुवटी टेकवून बसतो, समोरच्या गोल गोल कड्यांच्या मधल्या दिव्याकडे बघतो, आणि पडद्यावर त्याच्या बुबुळाच्या उंचसखल भागांचा रंगीत नकाशा उमटतो. उंच ते लाल, सपाट ते निळं. पूर्वी बहुतेक नुसता नंबर बघून लेझर चालवत. आता ज्याच्या त्याच्या नकाशावरून बेतून चालवता येतो. तयार सदरा विकत घेणं आणि मापाचा शिवून घेणं यात जो फरक, तोच. काम शांततेचं आहे आणि मला शांतता आवडते. मास्तरांना ती अजिबात आवडत नसे.

ते पहिल्यांदा आले ते मुलीबरोबर. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकरांचं घर. मास्तर चादरींची नक्षी काढायचे. चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवून मोर, हरीण, वेलबुट्टी उभी करायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या भोकांच्या हुकमानं जेकार्डच्या मागावरचे धागे वर उचलले जाऊन चादरीत मोर उतरायचा. मुलगी लावण्या, चोवीस वर्षांची, हेच काम संगणकावर करायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की बाहेर एक गृहस्थ हॉलच्या पडद्यात तोंड खुपसून उभे आहेत आणि काउंटरवरच्या सुनंदाबाई ओरडताहेत, "अहो काका, नाक पुसायला रुमाल नाही का तुमच्याकडं?"

"नाक कुटलं वो बाई," पडद्यातून आवाज आला. "तुमचा पडदा उलटा लावलाय की! ही मागची बाजू हाय. इतकी वर्षं पेशंटला मागची बाजू दाखवताय तुमी."

"नान्ना, गप बसा ना," लावण्या म्हणाली. नान्ना म्हणजे तेलुगूत वडील. मास्तर गप बसले नाहीत. त्यांनी सुनंदाबाईंना पडद्यावर बोट ठेवून धाग्याची गाठ दाखवली, सुनंदाबाईंना ती दिसली नाही, मग त्यांनी शिपायाला बोलावून दाखवली, त्यालाही दिसली नाही. पुढे एका रविवारी आम्ही तो पडदा खरंच उलटून लावला. तो आधीपेक्षा मळकट दिसायला लागला, पण मास्तरांचं म्हणणं, आता निदान सुलटा तरी आहे.

लावण्याचा नंबर मोठा होता. लेझर करून घ्यायचं तिनं मनाशी ठरवलं होतं आणि त्याचं कारण तिनं डॉक्टरमॅडमना सरळ सांगितलं. काही महिन्यांपूर्वी भर रस्त्यात तिचा चष्मा पडून गाडीखाली गेला. गर्दी, धूळ, हॉर्न, आणि समोर नुसते रंगांचे डाग. रोजचा रस्ता, पण पाऊल टाकायची हिंमत होईना. शेवटी एका अनोळखी बाईनं हात धरून तिला पलीकडे नेलं. "माझ्याच गल्लीच्या तोंडाशी, मॅडम," ती म्हणाली. "मला दुसऱ्यानं हात धरून नेलं."

मी तिचे नकाशे काढले. बुबुळावरची काच चांगली जाड होती, लेझरला हरकत नव्हती. फक्त दोन्ही डोळ्यांत एका बाजूला चढ जास्त होता. म्हणजे बेतूनच करावं लागणार होतं. मी हे सांगत होतो तेवढ्यात चष्मा कपाळावर गेला आणि मास्तरांचं नाक पडद्याला टेकलं.

"हे तांबडं काय वो?"

"चढ आहे, मास्तर. तिथं लेझर जास्त चालणार."

"किती जास्त, ते मशीनला कोण सांगणार?"

"हा नकाशाच सांगणार. कुठल्या ठिपक्यावर किती, सगळं यातून जातं."

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता की जणू परगावात भाऊबंद भेटला. "म्हणजे जेकार्डच की! आमचं पुठ्ठ्यावर, तुमचं ह्याच्यावर." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव मशीनवाले ठेवलं. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

एवढा आनंद झाला तरी डॉक्टरमॅडमपुढे बसल्यावर मास्तरांनी साफ सांगितलं की लेझर होणार नाही.

"ह्यो डोळा आमच्या घरचा हाय, मॅडम. माझ्या बापाला व्हता, मला हाय, हिला हाय. चष्मा काढला की आमाला धागा न् धागा मोजून दिसतो. बाकीचे डिझायनर भिंग घेऊन बसतात, आमी उघड्या डोळ्यानं बसतो. सगळ्या पूर्व भागाला ठाऊक हाय. ते देणं तुमी जाळून टाकणार, आन् वर फी घेणार."

डॉक्टरमॅडम शांत बाई. त्यांनी सांगितलं की लेझर म्हणजे चष्मा कायमचा डोळ्यातच बसला असं समजा; लावण्या तरुण आहे, तिला लांबचं दिसेल आणि जवळचंही दिसेल. मास्तरांनी अर्धंच ऐकलं. लावण्या मात्र एक वाक्य बोलली आणि त्यानं सगळंच अडलं. "नान्ना हो म्हणाल्याशिवाय मी करून घेणार नाही." ती सज्ञान होती, स्वतः कमावत होती, कागदावर सही तिचीच लागणार होती. पण नक्षीचं काम तिला त्यांनी शिकवलं होतं, मांडीवर बसवून, कागद नाकाशी धरायला लावून. त्या माणसाच्या मनाविरुद्ध डोळ्याला हात लावायला ती तयार नव्हती.

मग मास्तरांच्या एकट्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. नकार देऊन झालाय तर माणसानं घरी बसावं की नाही? पण त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. मी कुणाचा तरी नकाशा काढत असायचो आणि दारात आवाज यायचा, "मशीनवाले, एकच विचारतो."

एकच कधीच नसे. लेझर चालू असताना डोळा हलला तर? मी म्हणायचो, यंत्र डोळ्याच्या मागोमाग हलतं, आणि फारच हलला तर आपोआप थांबतं. हे त्यांना पटलं. धागा तुटला की त्यांचा मागही थांबतो. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या डोळ्यावर चुकून चालला तर? मी म्हणालो, बुबुळाच्या बारीक रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, यंत्र आधी त्या जुळवून बघतं. हे ऐकून त्यांनी माझी हनुवटी धरली, चष्मा कपाळावर घेतला आणि माझ्या डोळ्यांत इतक्या जवळून पाहिलं की त्यांच्या तोंडाला येणारा लवंगेचा वास मला अजून आठवतो. "खरंच की," ते म्हणाले. "तुमच्या उजव्यात रेघा लई गचाळ हायत."

आणि बुबुळावरचा पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात, तो पापुद्रा परत शिवता का? शिवत नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. टाका न घालता एखादी गोष्ट जागेवर राहते यावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"चुकलं तर उसवता येतंय का?"

"नाही, मास्तर. काढलेलं परत घालता येत नाही."

त्यावर ते उठून गेले. मला वाटलं, संपलं. लावण्याचं लेझर काही होत नाही.

पण मास्तर विणकर होते. नवी नक्षी आधी नमुन्याला विणून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या चादरीला लावायची, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. डॉक्टरमॅडमनी सांगितलं होतं ना, की लेझर म्हणजे कायमचा डोळ्यात बसलेला चष्मा? मास्तरांनी तो नमुना स्वतःवर विणून पाहिला. एके सकाळी त्यांनी मागावरचा जाड दोरा घेतला, आपला चष्मा डोक्यामागून गच्च बांधून टाकला आणि त्या दिवशी काही झालं तरी तो कपाळावर चढवायचा नाही असं ठरवून कामाला बसले. बांधला एवढ्यासाठी की हाताला सवय. हात आपोआप वर जायचा. संध्याकाळी ते तसेच, दोऱ्यासकट, दवाखान्यात आले. कानांमागे लाल वळ उठले होते. हातात चौकटींच्या कागदाची गुंडाळी. मागून धापा टाकत लावण्या.

"बगा," त्यांनी कागद डॉक्टरमॅडमच्या टेबलावर टाकला. "एक चौकट धड दिसली असंल तर शपथ! लांबचं ते घड्याळ दिसतंय, ह्या मशीनवाल्यांच्या मिशा दिसतायत, पण हातातला कागद न्हाय. नुसता धूर. हेच करणार हाय तुमी माझ्या पोरीचं. मी आज दिवसभर तिच्या डोळ्यानं बघून आलोय."

डॉक्टरमॅडमनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मास्तर, तुमचं वय काय?"

"बावन्न. त्याचा काय संबंध?"

"तोच तर संबंध आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्यासाठी वळत नाही. चष्मा घालून जवळचं दिसत नाही ते त्यामुळं. तुम्ही आज बघितलंत ते लावण्याच्या डोळ्यानं नाही, बावन्न वर्षांच्या डोळ्यानं."

"मग चष्मा काढला की दिसतंय ते कसं?"

"तुमच्या नंबरामुळं. तुमचा डोळा लहानपणापासून जवळच अडकून बसलाय. लांबचं त्यानं चष्म्याशिवाय कधी बघितलंच नाही. म्हणून जवळचं इतकं दिसतं."

मास्तरांनी दोऱ्यावरून हात फिरवला. "म्हणजे देणं न्हाय ते," ते म्हणाले. "खोट हाय."

"नंबर आहे, मास्तर."

"माझ्या बापाचा पण नंबरच?"

मॅडमनी होकारानं मान हलवली. मला फार वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, मीही रोज दहा जणांना तेच सांगतो, पण त्या क्षणी मला वाटलं की नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं. ज्या गोष्टीवर या माणसानं आणि त्याच्या बापानं मान ताठ ठेवून दिवस काढले, तिला आम्ही चष्म्याच्या दुकानातल्या कागदावरचा आकडा करून टाकलं होतं. मास्तर बराच वेळ समोरच्या कागदाकडे बघत बसले, जो त्यांना दिसत नव्हता.

"तिला काय दिसंल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तोच दोरा तिच्या चष्म्याला बांधा आणि बघा ना," मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी डोक्यामागची गाठ सोडली. उठून लावण्याच्या मागे उभे राहिले आणि तिच्या चष्म्याला दोरा बांधला. केस अडकू नयेत म्हणून आधी वेणी बाजूला केली. गाठ बांधताना त्यांनी बघितलंसुद्धा नाही, बोटांनीच बांधली.

लावण्यानं कागद उचलला. सवयीनं नाकाजवळ नेला, मग थांबली, थोडा लांब धरला. तिथंही समाधान होईना तेव्हा तिनं तो फरशीवर पसरला आणि उभी राहून वरून पाहिला. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. मला नुसता रंगवलेल्या चौकटींचा मोर दिसत होता, आणि तो मला चांगला वाटत होता.

"नान्ना, ह्याची मान मोडलीय," ती म्हणाली. खाली बसून तिनं बोट ठेवलं. "इथं एक घर शेजारी सरकलंय. पुढं सगळी ओळच गेली. आणि हा पाय बघा, ह्याला पाच बोटं झालीत."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गुडघ्यांवर बसून नाक कागदाला लावलं. बोटानं एकेक घर चाचपत मानेपाशी आले, पायापाशी आले. लावण्या तशीच, दोरा बांधलेली, त्यांच्या शेजारी. फरशीवर ते दोघं आणि मध्ये तो बिघडलेला मोर, आणि त्याच वेळी सुनंदाबाईंनी पुढचा पेशंट आत पाठवला. तो बिचारा दारातच थबकला.

"दिसतंय की वो तिला," मास्तर खालूनच म्हणाले. "वरून दिसलं. उभं राहून." त्यांच्या आवाजात हार नव्हती. विलक्षण कुतूहल होतं. मग त्यांनी लावण्याला विचारलं की वरून बघताना आधी मान दिसली की आधी पाय, आणि ती म्हणाली की आधी काहीच नाही, नुसतं काहीतरी खटकलं. मास्तर हसले. "खटकतंय ना? मग झालं. ते डोळ्यात नसतंय."

त्यांनी हो असं तोंडानं म्हटलं नाही. जाताना सुनंदाबाईंना तारीख विचारली, इतकंच.

लेझरच्या दिवशीचा त्यांचा पराक्रम दवाखान्यात अजून सांगितला जातो. लेझर चालताना जळल्यासारखा वास येतो, त्यानं पेशंट दचकतात, म्हणून आम्ही आधी कल्पना देतो. मी लावण्याला ती देत होतो. तिचा चेहरा उतरला. "कसला वास?" तिनं विचारलं. मी शब्द शोधत होतो तोवर मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढली, मिशीतला एक पांढरा केस उपटला आणि माझ्या समोर, लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी, तो पेटवला.

"असला वास," ते तिला म्हणाले. "धागा सुती की लोकरीचा हे आपण असंच बघतो की न्हाय? तसंच. घाबरायचं न्हाय. तू जळत नसतीस, नंबर जळत असतो."

मी ओरडलो, शिपाई धावला, सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. लावण्या मात्र हसत सुटली. आत जाताना ती हसतच गेली. बाहेर नातेवाईकांसाठी टीव्ही आहे, त्यावर आतलं दिसतं. टीव्ही थोडा लांब होता म्हणून मास्तर चष्मा लावून उभे राहिले. पडद्यावर लेकीचा एकच डोळा, केवढा तरी मोठा. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेलो तर ते पुटपुटत होते, "हलू नको, हलू नको, हलू नको."

ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत तिनं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली आणि मग, कुणी सांगितलं नसताना, माझ्या शर्टाच्या खिशावरचं नाव वाचलं. आठवड्यानं पुन्हा दाखवायला आले तेव्हा सगळं उत्तम होतं. निघताना लावण्या गाडी काढायला पुढे गेली. मास्तर फाटकापाशी माझी वाट बघत थांबले होते.

"मशीनवाले, एकच विचारतो."

"विचारा."

"चाळिशीनंतर भिंग ताठर होतंय म्हणाल्या मॅडम, म्हणजे हिचं पण जवळचं जाणार. हिचं जाईल तवा मी सत्तरीला टेकलो असंन. माझं जवळचं तवर टिकंल का वो?"

"टिकेल की. तुमचा नंबर कुठं जातोय?"

"मोतीबिंदू झाला तर?"

"झाला तर काढू. आत भिंग बसवताना तुमचं जवळचं राखून बसवू. तसं बेतता येतं."

"खरं?"

"खरं."

त्यांनी समाधानानं मान हलवली. पलीकडे लावण्यानं गाडी चालू केली होती आणि चष्मा नसलेल्या चेहऱ्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती. "मग झालं," मास्तर म्हणाले. "लांबचं तिचं तिला मिळालं. जवळचं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तिला लागंल तवा शेजारी बसून मी सांगत जाईन." मग हिशेबाचं उरलंसुरलं पक्कं करावं तसं त्यांनी विचारलं, "तवा तुमी हितंच असाल ना?"

मी हो म्हणालो. लावण्यानं हाक मारली तसे ते लगबगीनं रस्ता ओलांडून तिच्या मागे बसले. पुढची वीस वर्षं आमच्या दोघांच्याही हातात आहेत, याबद्दल तेव्हा त्यांना शंका नव्हती आणि मलाही नव्हती.